पडदा कॅमेऱ्याला दिसतच नाही, मग कॅमेऱ्याची जागा आणि रोख आरशाने कसा काढायचा?

सरळरेषा (धागाकर्ता)

मॉनिटरच्या वरच्या कडेवर कॅमेरा पक्का बसवला आहे. दोघांचंही तोंड समोर बसलेल्या माणसाकडे. माणूस पडद्यावर नेमका कुठे बघतोय ते काढायचं आहे. म्हणजे डोळ्यातून निघालेली नजरेची रेषा पडद्याला कुठे टेकते याचा हिशोब. घोडं अडतं ते इथेच. नजरेची रेषा मिळते कॅमेऱ्याच्या चौकटीत, आणि पडदा कॅमेऱ्याला जन्मात दिसत नाही.

कॅमेऱ्याच्या आतलं कॅलिब्रेशन (फोकल लेंग्थ, केंद्रबिंदू, लेन्सची विकृती) बुद्धिबळाच्या पटाचे फोटो काढून झालं आहे. राहिलं बाहेरचं: पडद्याच्या हिशोबात कॅमेरा कुठे आहे आणि कुठल्या रोखाने बघतोय. जागा पट्टीने काही मिलिमीटरपर्यंत सापडते. रोख कशाने मोजू? १ अंशाची चूक ६० सेंटिमीटरवर १० मिलिमीटरच्या वर जाते, आणि कॅमेरा १ अंश खाली झुकलाय की नाही हे नुसत्या डोळ्याला कळत नाही.

समोर आरसा धरून कॅमेऱ्याला पडद्याचं प्रतिबिंब दाखवतात एवढं ऐकून आहे. पण आरसा मी हातात धरणार. तो किती लांब आहे, किती कललाय, काहीच माहीत नाही. एक अज्ञात काढायला गेलो आणि दुसरं पदरात पडलं, असं नाही का होत? फोटो किती लागतील? आणि कुठलाही आरसा चालतो का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (आरशावर नको.)

भिंगरी

आरसा मोजायचा नसतोच. या पद्धतीची सगळी मजा त्यात आहे.

आधी अज्ञातांची मोजदाद. कॅमेऱ्याची जागा ३ आकडे, रोख ३ आकडे, एकूण ६. आरशाच्या प्रत्येक स्थितीचे मात्र ३ च: लंबाची दिशा २ आकड्यांत येते आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतर १. आरसा स्वतःच्याच प्रतलात सरकवला किंवा गोल फिरवला तरी प्रतिबिंब जागचं हलत नाही, म्हणून तिथे सहा धरायचे नाहीत. आता प्रत्येक फोटोतून आभासी पडद्याची (म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबाची) जागा आणि रोख मिळतो, म्हणजे ६ समीकरणं. त्यातली ३ आरशावर खर्ची पडली, ३ उरली. दोन फोटोंत ६ उरली, झालं काम, असं वाटतं.

पण होत नाही. एका आरशातल्या प्रतिबिंबाकडून दुसऱ्यातल्या प्रतिबिंबाकडे जाणं म्हणजे निव्वळ फिरणं: दोन आरशांची प्रतलं जिथे छेदतात त्या रेषेभोवती, आरशांमधल्या कोनाच्या दुप्पट. त्या रेषेच्या दिशेने काहीही सरकत नाही. त्यामुळे दुसऱ्या फोटोतल्या सहापैकी एक समीकरण नवीन काहीच सांगत नाही. वेगळ्या शब्दांत: दोन्ही आरसे एकमेकांशी जखडून त्या छेदरेषेभोवती थोडे फिरवले आणि खरा पडदाही त्या हिशोबाने हलवला, तर दोन्ही फोटो जसेच्या तसे येतील. ही एक मोकळीक शिल्लक राहते. ती तिसरा फोटो बंद करतो. पीटर स्टुर्म आणि तोमा बोंफोर यांनी २००६ मध्ये हे व्यवस्थित मांडलं: थेट न दिसणाऱ्या वस्तूसाठी आरशाच्या तीन स्थिती लागतात, दोन नाही पुरत.

गणिताचा गाभा एका वाक्यात मावतो. पडद्यावरचा एक बिंदू घ्या. पहिल्या आरशातलं त्याचं प्रतिबिंब खऱ्या बिंदूपासून पहिल्या लंबाच्या दिशेने गेलेलं, दुसऱ्यातलं दुसऱ्या लंबाच्या दिशेने. तेव्हा ही दोन प्रतिबिंबं जोडणारी रेषा त्या दोन लंबांच्या प्रतलातच असणार, म्हणजे दोन आरशांच्या छेदरेषेला काटकोनात. खरा बिंदू कुठे आहे याचा पत्ता नसतानाही हे खरं असतं. पडद्यावरचे तीन बिंदू घेतले की छेदरेषेची दिशा मिळते. तीन आरशांच्या तीन छेदरेषा, आणि प्रत्येक आरशात त्यातल्या दोन. त्या दोन दिशांचा क्रॉस प्रॉडक्ट (दोघींना काटकोनात असलेली दिशा) काढला की आरशाचा लंब हातात. ताकाहाशी, नोबुहारा आणि मात्सुयामा यांची २०१२ ची पद्धत याच काटकोनावर उभी आहे. लंब मिळाले की अंतरं आणि पडद्याची खरी जागा साध्या रेषीय समीकरणांतून सुटते.

तीन हे किमान. प्रत्यक्षात दहाएक स्थिती घ्या, आणि शेवटी सगळी अज्ञातं एकदम मोकळी सोडून पिक्सेलमधली चूक कमीत कमी होईल असं सोडवा. रेषीय उत्तर हे फक्त सुरुवात करायला.

कोपरा

एवढी यातायात कशाला? आरशाच्या चार कोपऱ्यांवर चार ॲरुको मार्कर (प्रोग्रॅमला ओळखता येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा) चिकटवा. मार्कर कॅमेऱ्याला थेट दिसतात, त्यातून आरशाचं प्रतल मिळतं. प्रतल मिळालं की प्रतिबिंब उलट फिरवा, पडदा सापडला. एक फोटो, विषय संपला. तीन-तीन स्थिती, छेदरेषा, क्रॉस प्रॉडक्ट हे सगळं पेपर छापायला ठीक आहे.

काचकाम

@कोपरा, मार्कर काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर आहेत. परावर्तन होतंय काचेच्या मागे.

घरगुती आरसा ४ मिमी जाडीचा आणि काचेचा अपवर्तनांक १.५२ धरू. समोरून पाहिलं तर मागचा थर पृष्ठभागाच्या २.६ मिमी आत असल्यासारखा वागतो (४ भागिले १.५२). तुम्ही प्रतल मार्करवरून घेतलंत, म्हणजे आरसा २.६ मिमी अलीकडे धरलात. प्रतिबिंबात ही चूक दुप्पट होते. पडदा ५.३ मिमी चुकला, आणि तुमचा प्रोग्रॅम चकार शब्द काढणार नाही, कारण एकाच फोटोत तपासून बघायला काही उरतच नाही.

भिंगरी यांच्या पद्धतीत आरशाचं अंतर अज्ञात सोडलेलं असतं. काचेची जाडी त्या अज्ञातात गुपचूप जिरून जाते. न मोजण्याचा फायदा तो हा.

सगळी जिरते असं मात्र नाही. तिरक्या किरणाला तो थर कमी खोल वाटतो. वरच्याच काचेला समोरून २.६३ मिमी, ३० अंशांवर २.४१, ४५ अंशांवर २.१०. म्हणजे ३० अंशांच्या आत राहिलात तर फरक पाव मिलिमीटरपेक्षा कमी. ४५ पर्यंत गेलात की अर्धा मिलिमीटर, आणि प्रतिबिंबात त्याचा एक. आरसा फार तिरका धरू नका.

कोपरा

मान्य, जाडीचा मुद्दा बरोबर आहे. पण मग पुढच्या बाजूला थर असलेला आरसा घ्या की. तिथे जाडीचा प्रश्नच नाही, मार्करच्या कागदाची जाडी तेवढी धरायची.

आणि तीन स्थिती सगळीकडे जमतात असंही नाही. एकाच साच्याच्या शेकडो वस्तू एकामागून एक बाकावर येत असतील आणि आरसा भिंतीला कायमचा ठोकलेला असेल, तर कोण आरसा हातात घेऊन नाचणार? तिथे आरसा एकदाच नीट मोजून ठेवायचा आणि प्रत्येक वस्तूचा एक फोटो घ्यायचा. सरळरेषा यांच्याकडे एकच मॉनिटर आहे, त्यांनी हवं तर नाचावं.

काचकाम

कायमचा ठोकलेला आरसा असेल तर तुमचंच बरोबर. त्यातही काचेची जाडी सगळ्या फोटोंना सामाईक असं एक जास्तीचं अज्ञात म्हणून सोडता येते, पण मग सुरुवातीला काही फोटो वेगवेगळ्या कोनांतून लागतातच.

पुढे थर असलेल्या आरशाचा आणखी एक फायदा: दुहेरी प्रतिबिंब नाही. साध्या आरशात काचेचा पुढचा पृष्ठभागही साधारण ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. ४ मिमी काचेत ३० अंशांवर हे फिकट भूत मूळ प्रतिबिंबापासून सुमारे २.४ मिमी बाजूला पडतं. पटाच्या काळ्या-पांढऱ्या सीमेवर ते आलं की कोपरा शोधणारा प्रोग्रॅम किंचित त्या बाजूला झुकतो. पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत कोपरे शोधायचे असतील तर हे त्रास देतं.

असा आरसा पुसायचा मात्र नाही. कापड लावलं की ओरखडे. हवेच्या फुग्याने धूळ उडवायची, बास.

जाडीपेक्षा मोठी भानगड सपाटपणाची आहे. ३०० मिमी लांबीचा आरसा मध्ये फक्त ०.१ मिमी वाकला, तर कडेला त्याचा उतार १.३ मिलिरेडियन होतो. परावर्तित किरण दुप्पट वळतो, २.७ मिलिरेडियन. ६०० मिमी पुढे तो १.६ मिमी चुकलेला असतो. आणि ०.१ मिमी वाकवायला फार काही करावं लागत नाही, पातळ आरसा दोन कडांना धरून उचलला की झालं. म्हणून लहान आणि जाड आरसा घ्या, मागून तीन ठिकाणी आधार द्या. चौथा आधार दिलात की आरसा पिळला जातो.

निवांत

वाचतोय. वाचनखूण साठवली. मोठा आरसा नको म्हणताय, मग त्यात अख्खा पडदा मावेल का?

भिंगरी

@निवांत, कॅमेरा पडद्याच्या कडेलाच आहे, म्हणजे आरशापासून दोघंही जवळजवळ सारख्याच अंतरावर. अशा वेळी पडद्याच्या निम्म्या लांबी-रुंदीचा आरसा अख्खा पडदा दाखवतो. शिवाय अख्खा दिसायला हवा असंही नाही. प्रत्येक फोटोत पडद्याचा मोठा भाग दिसला आणि कुठला भाग ते ओळखता आलं की पुरे.

ओळखण्यावरून आठवलं, आरशातल्या उलट्या चित्राबद्दल कोणी बोललंच नाही. निम्मे लोक तिथे धडपडतात.

एक, ॲरुको मार्कर आरशात उलटे दिसतात आणि उलटा मार्कर प्रोग्रॅम ओळखत नाही. फोटो आडवा उलटवून मार्कर शोधा, आणि मग सापडलेल्या कोपऱ्यांचे आडवे आकडे मूळ फोटोत परत न्या: रुंदी वजा १ वजा मिळालेला आकडा. ते "वजा १" राहिलं तर सगळं एका पिक्सेलने सरकतं आणि कुठेही एरर येत नाही. उलटवलेल्या फोटोवरच पुढचं गणित करायचं असेल तर केंद्रबिंदूही तसाच उलटवावा लागतो, लेन्सची विकृतीही. त्यापेक्षा परत येणं सोपं.

दोन, परावर्तनाने उजव्या हाताची चौकट डाव्या हाताची होते. परावर्तनाच्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट उणे १ असतो, आणि ओपनसीव्ही या प्रोग्रॅम-संग्रहातलं सॉल्व्हपीएनपी (फोटोतल्या बिंदूंवरून वस्तूची जागा आणि रोख काढणारं) तुम्हाला अधिक १ वालंच फिरणं देणार. सपाट पटाच्या बाबतीत हे नशिबाने सहज सुटतं. पटावरच्या सगळ्या बिंदूंची खोली शून्य असते, त्यामुळे सॉल्व्हपीएनपी बिनतक्रार उत्तर देतं; त्या मॅट्रिक्सच्या तिसऱ्या स्तंभाचं चिन्ह तुम्ही बदलायचं की खरं परावर्तित उत्तर मिळतं. वस्तू सपाट नसेल, उदाहरणार्थ रोबोटच्या अंगावर वेगवेगळ्या खोलीवर लावलेले मार्कर, तर ही पळवाट नाही. तिथे वस्तूच्या बिंदूंचा एक अक्ष आधीच उणे करून मगच द्यायचा.

तीन, नुसता बुद्धिबळाचा पट नको. आरशात पहिला कोपरा कुठला आणि शेवटचा कुठला यात घोळ होतो. पडदा तुमच्याच ताब्यात आहे, त्यावर काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ग्रे कोड एकामागून एक दाखवलात तर पडद्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःचा क्रमांक सांगतो. तेवढा वेळ आरसा हलता कामा नये, स्टँडवर ठेवा.

आणि हो, ऑटोफोकस बंद. आभासी पडदा आरशाच्या दुप्पट अंतरावर असतो. लेन्सने तिथे फोकस बदलला की आतलं कॅलिब्रेशनही बदललं.

सरळरेषा

सगळ्यांचे आभार. स्टँडवर आरसा बसवला, ग्रे कोड दाखवला. स्टँडची मान डावी-उजवीकडे वळते, तशी वळवत फोटो घेतले. पिक्सेलमधली सरासरी चूक ०.२ च्या आत आली, म्हणजे छानच. पण एखादा फोटो वगळून परत सोडवलं की पडदा डावी-उजवीकडे सेंटिमीटरभर उडी मारतो आणि त्याच वेळी थोडा वळतोही. गंमत म्हणजे उंची जागची हलत नाही. चूक इतकी कमी असताना उत्तर असं का डोलतंय?

भिंगरी

लक्षणं इतकी नेमकी सांगितलीत की निदान त्यातच आहे. उंची स्थिर, आडवी जागा आणि वळण मात्र जोडीने डोलतंय, म्हणजे आरसा एकाच उभ्या अक्षाभोवती फिरतोय.

मागे सांगितलेली मोकळीक आठवा: दोन आरसे छेदरेषेभोवती जोडीने फिरवले तरी फोटो बदलत नाहीत. तुमच्या स्टँडची मान उभ्या अक्षावर वळते, आणि आरसा त्या अक्षाला जवळजवळ चिकटलेला आहे. मग आरशाच्या सगळ्याच स्थिती त्या एकाच उभ्या रेषेत छेदतात. दहा फोटो काय, शंभर काढलेत तरी ते सगळे मिळून दोन फोटोंइतकंच सांगणार. पडदा त्या उभ्या रेषेभोवती १ अंश फिरला तर ६० सेंटिमीटरवर तो सेंटिमीटरभर बाजूला जातो आणि १ अंश वळतो. तुम्हाला दिसतंय ते हेच. उभ्या रेषेभोवती फिरताना उंची बदलण्याचं कारणच नाही.

०.२ पिक्सेलवर भाळू नका. तो आकडा एवढंच सांगतो की हे उत्तर फोटोंशी जुळतं. दुसरी पन्नास उत्तरंही तितकीच जुळतात हे तो सांगत नाही.

उपाय सोपा आहे: मान वळवा, आणि आरसा पुढे-मागेही झुकवा. दोन्ही दिशांना १५-२० अंश मिळाले की पुरे, काचकाम यांच्या ३० अंशांच्या आतही राहाल. मधून मधून स्टँड थोडा पुढे-मागेही सरकवा. नुसतं पुढे-मागे सरकवून मात्र भागत नाही: आरसा स्वतःला समांतर सरकला की लंबाची दिशा झटक्यात मिळते, पण त्या दिशेने पडदा किती लांब आहे ते लटकतच राहतं.

दोन_पिक्सेल

धाग्याच्या विषयाला जोडूनच विचारतो. मला जुन्या हस्तलिखितांचे फोटो वरून काढायचे असतात. कॅमेरा स्तंभावर, खाली टेबल. कॅमेऱ्याची जागा कुठेही असो, रोख मात्र टेबलाला काटकोनात हवा, नाहीतर पानाची एक बाजू मोठी येते. मी टेबलावर सपाट आरसा ठेवतो, कॅमेऱ्यातून बघतो, आणि माझ्याच लेन्सचं प्रतिबिंब फोटोच्या मधोमध येईपर्यंत कॅमेरा कलवतो. पाणसळीपेक्षा हे कितीतरी बरं, कारण टेबल समपातळीत नसलं तरी बिघडत नाही. याची अचूकता किती धरावी?

कोपरा

भारी युक्ती. परावर्तनात कोन दुप्पट होतो, त्यामुळे लेन्सचं प्रतिबिंब मधून जितकं हटलेलं दिसेल त्याच्या निम्माच खरा कल. म्हणजे अचूकता दुप्पट.

काचकाम

इथे दुप्पट होत नाही. तुमच्या लेन्सचं प्रतिबिंब आरशाच्या लंबावर असतं, लेन्सच्या बरोबर समोर. कॅमेरा जागच्या जागी कसाही कलवा, लंब तिथेच राहतो. कॅमेऱ्याच्या अक्षात आणि त्या लंबात जो कोन तोच कल, एकपट.

दुप्पट होतो तो ऑटोकॉलिमेटर या कोन मोजायच्या उपकरणात. तिथे उपकरण स्वतःच्या अक्षावरून किरण सोडतं आणि परत आलेला किरण बघतं. उपकरण कललं की सोडलेला किरणही कलतो, म्हणून परतीचा दुप्पट हटतो. इथे आपण किरण सोडत नाही, स्वतःचं तोंड बघतोय.

अचूकता: ५० मिमी लेन्स, सेन्सरचा पिक्सेल ४ मायक्रॉन, तर फोकल लेंग्थ १२,५०० पिक्सेल. प्रतिबिंब १० पिक्सेल हटलेलं दिसलं तर कल ०.०४६ अंश. टेबल किती खाली आहे याच्याशी संबंध नाही.

कोपरा

कागदावर काढून बघितलं. एकपटच. ठीक.

भिंगरी

@दोन_पिक्सेल, त्यात एक मेख आहे. प्रतिबिंब "फोटोच्या मधोमध" आणायचं नाही, लेन्सच्या केंद्रबिंदूवर आणायचं. लेन्समधून सेन्सरवर टाकलेला लंब जिथे पडतो तो बिंदू, आणि तो फोटोच्या बरोबर मध्यावर क्वचितच असतो. २० पिक्सेलचा फरक अगदी सर्रास आढळतो, आणि तुमच्या लेन्सवर तो ०.०९ अंश होतो. आतलं कॅलिब्रेशन एकदा केलंत की हा बिंदू कळतो. फोटोच्या प्रिव्ह्यूवर तिथे फुली काढून ठेवा.

शिवाय लेन्सचं प्रतिबिंब टेबलाच्या दुप्पट अंतरावर, त्यामुळे पानावर फोकस असताना ते धूसर दिसतं. फोकस बदलू नका, छिद्र लहान करा. धूसर वर्तुळाचाही मध्य नीट सापडतो.

आणि हे रोखाचे दोनच आकडे देतं. कॅमेरा स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरलाय आणि टेबलाच्या कुठल्या बिंदूवर आहे, हे यातून कळणार नाही. तुमच्या कामाला ते लागतही नाही.

निवांत

अवांतर: माणूस समोर बसलाच आहे तर त्याच्या डोळ्यातच पडद्याचं प्रतिबिंब दिसतं की. वेगळा आरसा कशाला?

भिंगरी

अवांतर नाही, असं खरोखर करतात. डोळ्याचा पारपटल (कॉर्निया, सर्वांत पुढचा पारदर्शक थर) हा साधारण ७.८ मिमी त्रिज्येचा बहिर्वक्र आरसाच. फक्त त्यात पडदा फार बारीक दिसतो: ६० सेंटिमीटरवरचा ५०० मिमी रुंदीचा पडदा डोळ्यात सुमारे ३.२ मिमीचा. एवढ्याशा चित्रातून मिलिमीटर काढायचे म्हणजे कॅमेरा तसाच जबरदस्त हवा, वर प्रत्येकाच्या डोळ्याची वक्रता थोडी वेगळी. ज्यांना आरसा धरायला सांगता येत नाही अशांसाठी ठीक. सरळरेषा यांनी त्या वाटेला जाऊ नये.

सपाट आरशाचा खरा मोठा उपयोग दुसरीकडे आहे. एकाच गाडीवर पुढे बघणारा आणि मागे बघणारा असे दोन कॅमेरे असतील आणि दोघांना एकही गोष्ट सामाईक दिसत नसेल, तर एकच पट एका कॅमेऱ्याला थेट आणि दुसऱ्याला आरशातून दाखवायचा. चकचकीत पृष्ठभाग मोजणाऱ्या यंत्रांतही सरळरेषा यांच्यासारखीच रचना असते: पडदा आणि कॅमेरा दोघांचं तोंड वस्तूकडे, एकमेकांना दिसत नाहीत.

सरळरेषा

आरसा दोन्ही दिशांना झुकवून परत केलं. एखादा फोटो वगळला तर आता पडदा मिलिमीटरच्या आत राहतो. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मिळालेलं उत्तर कॅमेऱ्याच्या नेमक्या कुठल्या बिंदूची जागा सांगतं? पट्टीने लेन्सच्या पुढच्या काचेपर्यंत मोजलेल्या अंतराशी ते जुळत नाही. आणि आरशाला अजिबात मध्ये न आणता हे उत्तर तपासता येईल का?

भिंगरी

जुळायला नकोच. गणितातला कॅमेरा म्हणजे एक बिंदू, आणि तो लेन्सच्या पुढच्या काचेवर नसतो, सेन्सरवरही नसतो. समोरून लेन्समध्ये डोकावलं की छिद्राची जी प्रतिमा आत दिसते, साधारण तिथे असतो. पट्टीने तो सापडत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. फरक काही मिलिमीटरचा आणि लेन्सच्या अक्षाच्या दिशेने असेल तर निश्चिंत राहा. अक्षाच्या आडवा असेल तर काहीतरी गडबड आहे.

तपासण्याची दोन पातळ्यांवर सोय आहे. घरच्या घरी: आरशाच्या काही स्थिती गणितात घेऊच नका, बाजूला ठेवा. उत्तर आलं की त्या फोटोंत फक्त आरशाचे ३ आकडे सोडवा, कॅमेऱ्याचे ६ गोठवून ठेवा. चूक तेवढीच राहिली तर ठीक. वाढली तर आरसा वाकतोय. पडद्याचं माप चुकलं असेल तर मात्र ही चूक वाढत नाही, सगळं उत्तरच त्या प्रमाणात लहान-मोठं होतं. मापाचं विशेष बघा. पडद्यावरचा चौकोन किती मिलिमीटरचा हे पिक्सेलच्या आकारावरून काढता ना? २७ इंची, २५६० बाय १४४० पडद्याचा पिक्सेल ०.२३३ मिमीचा. पण संगणकाच्या सेटिंगमध्ये १२५ टक्के स्केलिंग चालू असेल तर तुम्ही १०० पिक्सेलचा म्हणून काढलेला चौकोन पडद्यावर १२५ चा असतो.

आरशाशिवाय: एक लांब, ताठ पाटी घ्या. एका टोकाला पट चिकटवा, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार सुई. सुई पटापासून नेमकी कुठे आहे ते एकदा मोजून ठेवा. सुईचं टोक पडद्यावर दाखवलेल्या फुलीवर टेकवा, पट कॅमेऱ्याला थेट दिसेल असा धरा. पटावरून सुईचं टोक कुठे आहे ते कॅमेरा सांगेल, फुली कुठे आहे ते तुमचं कॅलिब्रेशन सांगेल. पडद्याच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकेकदा करा. सगळीकडे सारखाच आणि एकाच दिशेने फरक आला तर जागा चुकली. एका कोपऱ्यात एक, समोरच्या कोपऱ्यात उलटा आला तर रोख किंवा पडद्याचं माप चुकलं.

कोपरा

सुई पडद्यावर टेकवताना जपून. त्यापेक्षा बोथट प्लॅस्टिकचं टोक लावा, त्याची त्रिज्या वजा करा.

निवांत

शेवटचा प्रश्न: काचेऐवजी ॲक्रिलिकचा आरसा चालेल का? हलका असतो, फुटत नाही.

काचकाम

नाही. हातात धरल्या धरल्या वाकतो, उबेनेही आकार बदलतो. वरचं ०.१ मिमीचं गणित परत वाचा. ॲक्रिलिक त्याच्या कितीतरी पट वाकतं.